वाढलेल्या पापण्या

आई, तुला जाऊन सहा वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही.

फुफ्फुसाच्या कॅन्सरवर रोज एक गोळी सुरू झाली तेव्हा आपण दोघी किती खूश होतो. सलाईन नाही, केस जायचे नाहीत, मयूर विहारच्या आपल्या घरात बसून उपचार. तीनेक महिन्यांनी तुझ्या पापण्या लांब, दाट झाल्या. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने कौतुक केलं, तर तू चक्क लाजलीस. त्याच पापण्या आत वळून बुबुळांना टोचत होत्या, हे तू बोलली नाहीस. उजेड नको म्हणून स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून मेथी निवडायला लागलीस. डोळे लाल का, विचारलं तर म्हणालीस, "दिल्लीची हवा गं. सगळ्यांचेच चुरचुरताहेत." नोव्हेंबर होता, माझेही चुरचुरत होते. मी मान्य केलं. डॉक्टरांनाही तू ठणकावून सांगितलंस, "बिल्कुल ठीक हूँ."

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी समोरच्या पंजाबी काकू आल्या आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. मी ऑफिसला गेले की तू त्यांच्याकडे जायचीस आणि त्या बारीक कात्रीने तुझ्या पापण्या कापून द्यायच्या. पेपरातली अक्षरं दिसेनाशी झाली तशी तू गोळी एक दिवसाआड घ्यायला लागलीस, तेही त्यांना माहीत होतं. "बेटा, उसने कसम दे रखी थी," त्या म्हणाल्या. "कहती थी, डॉक्टर को पता चला तो दवा बंद कर देंगे, बेटी टूट जाएगी." मग कपाटात, तुझ्या साड्यांखाली, न घेतलेल्या गोळ्या सापडल्या.

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, या गोळीने असा त्रास होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून, थेंब घालून, लागलं तर डोस कमी करून बहुतेकदा तो आटोक्यात येतो. नीट गोळ्या घेतल्या असत्या तर तू किती जगली असतीस, असं विचारलं तेव्हा त्यांनी तुझी फाईल मिटून माझ्याकडे सरकवली.

रोज सकाळी मी गोळी आणि पाणी तुझ्या हातात देऊन मेट्रो गाठायला पळत होते, आणि तू माझ्याकडे बघून हसत होतीस. शेजारणीला सांगितलंस, आई. पोटच्या मुलीला नाही.

हे लिहितेय तर एक गोष्ट मलाही लिहायला हवी. पहिल्याच दिवशी नर्सने माझ्या हातात एक कागद दिला होता, गोळीने काय काय त्रास होऊ शकतो त्याचा. तू घाबरून गोळीच घेणार नाहीस म्हणून मी तो तुला दाखवला नाही, ऑफिसच्या खणात ठेवून दिला. त्यात डोळ्यांबद्दल एक ओळ होती. मी ती वाचली होती.