मिठावर घातलेले तट्टे

काम्पोत, ६ फेब्रुवारी २००४

ती. सुवोन्दोदादास,
कीनासीचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. कलामेळ्याच्या लोकांनी मला गावाबाहेर मिठागराच्या बांधावर जागा दिली आहे. तिथं मी बांबूचा मोठा शंख उभारते आहे. माणूस आत शिरून वळत वळत मधोमध पोचेल एवढा. सांगाडा झाला. त्यावर बांबूच्या कामट्यांचे साठ तट्टे चढवायचे आहेत, चाळीस विणून झाले. बोटांची सालं निघाली आहेत.

मिठागरातल्या बाया दुपारी जेवायला इथंच बसतात. त्यांची मुकादम सोखोममावशी तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, हे मासे धरायचं का? मी नाही म्हटलं. मग कोंबड्यांचं खुराडं? तेही नाही. मग नवऱ्याला कोंडायला असेल तर माझा आधी घे, म्हणाली, आणि सगळ्या हसून लोळल्या. इथल्या ख्मेर भाषेत मी मोडकंतोडकं सांगितलं की आत बसून समुद्र ऐकायचा. त्यावर म्हणते कशी, तो तर इथूनही ऐकू येतो की, पोरी!

आईचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार. माझ्या या कामावर रागावलास तरी लिहीत जा.

तुझी,
कीनासी

सालामान, २१ फेब्रुवारी २००४

चि. कीनासीस,
सुवोन्दोचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला तीनदा वाचून दाखवलं. तिला शंख कळला, मला नाही. आत जायचं आणि बाहेर यायचं, एवढ्यासाठी साठ तट्टे? तेवढ्यात इथं दोन घरं उभी राहतील. चिडू नकोस, खरंच विचारतोय.

समुद्राचा वारा आहे, तेव्हा तार वापरू नकोस, गंजेल. काथ्यानं बांध आणि गाठ ओढली की सुटेल अशी मार. आईचा गुडघा बरा आहे, परवा चालत बाजारात गेली. उद्घाटन झालं की फोटो धाड. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
दादा

काम्पोत, १६ मार्च २००४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परवा उद्घाटन झालं, पण तुला लिहिला होता तो शंख आता नाही.

अकरा तारखेला दुपारी अचानक पाऊस आला. या दिवसांत तो कधी येत नाही. मिठाच्या राशी उघड्यावर, कोठार लांब. बाया कावडी घेऊन धावत होत्या, पण किती नेणार? सोखोममावशी धावत माझ्यापर्यंत आली आणि थांबली. नुसती वर तट्ट्यांकडे बघत राहिली. दादा, खरं सांगते, मी आधी नजर चुकवली. मग पहिली गाठ ओढली.

साठही तट्टे उतरवले, एकावर एक राशींवर घातले. अर्धं मीठ वाचलं. तट्ट्यांचा मात्र चिखल झाला. मी बांधावर बसून रडले. मावशी म्हणाली, रड नंतर, आधी जेव. आणि सुक्या मासळीची पेज हातात दिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अकरा बाया कोयते आणि बांबू घेऊन हजर! कुणी टोपलीची वीण घातली, कुणी मासेपिंजऱ्याची. मी एकीची वीण सुधारायला गेले तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. उद्घाटनाला बावीसच तट्टे चढले होते. मेळ्याच्या लोकांची तोंडं उतरली. पण गाव लोटलं. बाया आत बसून, कुठला तट्टा कुणाचा ते प्रत्येकाला सांगत होत्या. मला कुणी विचारलंही नाही, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. हे असं का, ते अजून उमगत नाही.

तीन फोटो पाठवते. पंचवीस एप्रिलला निघेन. आईला सांभाळ.

तुझी,
कीनासी

सालामान, २ एप्रिल २००४

चि. कीनासीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचले. आईनं ते उशीखाली ठेवले होते, मी एक मागून घेतला.

तिसऱ्या फोटोत उजवीकडे, खालून दुसरा तट्टा बघ. वीण तिरकी जाते, मध्येच उलटी वळते, आणि तरी कुठं फट नाही. मी तीन दिवस तशी वीण घालत बसलोय. आधी आठ कामट्या घेतल्या, मग बारा. जमत नाही. तुझी वहिनी येता-जाता हसते. बाबांनी शिकवलं त्यापलीकडे मी कधी काही विणलं नाही, तुला ठाऊकच आहे.

तो तट्टा कुणाचा? सोखोमबाईंचा का? त्यांना माझा नमस्कार सांग आणि विचार, सुरुवात काठापासून करायची की मधून? तिकीट पुढं ढकलता येत असेल तर ढकल. आईची समजूत मी घालतो. त्यांच्याजवळ बस, नीट शिक, मगच ये.

तुझा,
दादा