वंशाचा काळा दगड

५ जून, बुधवार
आजपासून नियमित रोजनिशी. ज्याच्या हाती घराणं येणार, त्याच्याकडे लेखी नोंदी हव्यात.
बाबा जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून आमच्या घराण्याचा प्रमुखपदाचा किताब रिकामा आहे. पंधरा तारखेला सगळं गोत बसून प्रमुख ठरवणार. मी, नाहीतर चुलतभाऊ कालोलो. मी बाबांचा एकुलता एक मुलगा. इंग्लिश उत्तम, भाषण त्याहून उत्तम. कालोलोला मासे धरता येतात. तशी स्पर्धा नाहीच.
तरी रात्री तीनदा उठलो. बहुधा कालचा ऑक्टोपस.

६ जून, सकाळ
ओफेइरा आत्याने हाक मारली, एतीमानी, अळूचे कंद काढायला चल. पाठ धरलीय म्हणालो. रस्त्याकडेच्या नीरफणसाखाली चिंतनाला बसायला गेलो आणि अंगठ्याला ठेच लागली. मातीत अर्धा गाडलेला काळा दगड, मुठीएवढा. धुतल्यावर तीन बाजू आरशासारख्या चकचकीत, बाकी खडबडीत. एका बाजूवर वळणदार खाच. खाचेत सोनेरी कण.
कुणाला बोललो नाही. लुंगीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला.

८ जून, शनिवार
संकल्प: पंधराच्या आत दगडाची ओळख पटवणे. रोज दोन तास अभ्यास.
आजचा निष्कर्ष: मूळ पुरुषाची कुऱ्हाड. खडबडीत बाजू लढाईत तुटलेली. खाच म्हणजे समुद्रपक्ष्याचा पंख. आपल्या वंशाची खूण. (अशी खूण असल्याचं आजवर ऐकलं नव्हतं. हरवली असणार.) दगड सापडला तो मला, कालोलोला नाही. यातच सगळं आलं.
पाहुणे येणार म्हणून कालोलो छपरावर पत्रे ठोकतोय. एकाग्रता होत नाही. वरून ओरडला, दादा, जरा खिळे देतोस का? अभ्यासात आहे म्हटलं. तो म्हणाला, राहू दे, अभ्यासाला छप्पर लागत नसेल.
उत्तर सुचलं होतं. तो खाली उतरेपर्यंत विसरलो.

१० जून
दोन दिवस अभ्यास झाला नाही. रविवार मधे आला.
पाद्रीबुवांना दगड दाखवला. म्हणाले, जुनी कुऱ्हाड इतकी सरळ नसते, हे मशीनचं काम दिसतंय. त्यांच्या पत्नी चहा देता देता म्हणाल्या, अगंबाई, राजधानीत, आपियाला माझ्या बहिणीचा ओटा अस्साच आहे, डाग पडत नाही. दोघंही भली माणसं आहेत. इतिहासाची दृष्टी वेगळी असते.

१२ जून
आपियातल्या एका जाणकाराला फोटो पाठवले होते. उत्तर आलं: ग्रॅनाइट वाटतो, हा दगड आपल्या बेटांवर मिळत नाही.
तीनदा वाचलं. मिळत नाही, म्हणजे समुद्रापलीकडून आणला. कुणी आणला? मूळ पुरुषाने, होडीतून. त्याच पत्रात पुढे काहीतरी होतं, आधुनिक वगैरे. फोटोवरून तेवढं कसं कळणार.

१३ जून
आत्याने थेट विचारलं, परवा बैठक, तू काय करणार आहेस? भाषण, म्हणालो. ती म्हणाली, बोलायला गाव आहे रे, पाणी कोण भरणार? मग नेहमीचं, प्रमुखपदाची वाट सेवेतून जाते.
पटलं. भाषणात सेवेवर एक परिच्छेद घातला.

१५ जून, पहाटे
कालोलो चार वाजल्यापासून भट्टीचे दगड तापवतोय, डुकराचं मांस आणि कंद भाजायला. मी मदतीला जाणारच होतो, पण नव्या शर्टाला धूर लागला असता. भाषण चौथ्यांदा वाचतोय.

१५ जून, संध्याकाळ
नोंद ठेवणार म्हणालो होतो, म्हणून.
कावा, म्हणजे बैठकीआधीचं मुळांचं पेय, पिऊन झालं. कालोलो दोन वाक्यं बोलला, त्यातलं एक अर्धवट. मी अठ्ठावीस मिनिटं बोललो. शेवटी कापडातून दगड काढून वर धरला. आत्या उठली. दगड हातात घेऊन अंगठ्याने खाच चाचपली, आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलो.
ती म्हणाली, बाहेर ये.
अंगणात बाबांची कबर. तिच्यावर माझ्या बहिणीने ऑकलंडहून पाठवलेली काळी शिला. सोनेरी अक्षरं, भोवती कोरलेली वेल. आत्याने वरच्या कोपऱ्यावरची प्लास्टिकच्या फुलांची माळ उचलली. खाली कोपराच नव्हता. तिने माझा दगड तिथे टेकवला. वेल पुरी झाली.
मागे सगळं गोत येऊन उभं होतं.
आत्या हळू बोलली, मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, रस्त्यावर ट्रकमधून उतरवताना शिला निसटली. चौघांचं ओझं, होते तिघं. तेव्हाही तुझी पाठ धरली होती. तुकडा कुठे उडाला म्हणून कालोलोने तीन दिवस गवत धुंडाळलं.
मी म्हणालो, मला कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, सांगायचं काय त्यात, बाळा? दर शनिवारी कबर धुताना माळ काढावीच लागते. सहा वर्षांत एकदा धुतली असतीस तर दिसलं असतं.
अनावरणाच्या दिवशी इथेच उभा राहून मी पितृभक्तीवर बोललो होतो. चाळीस मिनिटं.
आत गेल्यावर निर्णयाला पाच मिनिटंही लागली नाहीत. कुणी हसलं नाही. जेवताना कालोलोने माझ्या पानात मांसाचा चांगला तुकडा वाढला.

१६ जून, रविवार
चर्च. काम बंद. पाठ खरोखरच दुखतेय.

१७ जून
कालोलो दगड चिकटवायच्या रसायनाच्या दोन नळ्या घेऊन कबरीपाशी आला. म्हटलं, प्रमुखाने असली कामं करायची नसतात. तो म्हणाला, मग दादा, तूच धर.
चिकटेपर्यंत तासभर हाताने दाबून धरावं लागतं. मधे सोडलं तर फुकट. ऊन डोक्यावर होतं. मी हे अमुक, ते तमुक असं काही बोलायला सुरुवात केली, तर कालोलो म्हणाला, बोलू नकोस, हात हलतो.
बोललो नाही. धरून बसलो.