प्रभुभोजनाआधी उठून जाणारी

ईस्टरनंतरचा तिसरा रविवार.

आई, आज सकाळी चर्चला गेले. उपासना झाली, प्रभुभोजनाची भाकर वाटून झाली, मग सभा झाली. दुपारी घरी येऊन पंख्याखाली बसले. ऊन फार आहे, सावित्री नदी पार तळाला गेली आहे. महाडची आपली मंडळी आजपासून संपली. दोन बाकसुद्धा भरत नव्हते, म्हणून उरलेल्यांची नावं आता दुसऱ्या गावच्या मंडळीत जातील आणि चर्चला कुलूप लागेल. हे तुला सांगायला बसले, पण सांगायचं दुसरंच आहे.

तेव्हाच्या पाळकांची बायको आपल्या स्वयंपाकघरात आली होती तो दिवस मला अजून दिसतो. तू पोलादपूरच्या दवाखान्यातून नर्सची ड्यूटी संपवून नुकतीच आली होतीस, चहा उकळत होता. त्या मागच्या दाराने आल्या आणि दुखावलेला हात पुढे केला. तू पट्टी बांधलीस. मला म्हणालीस, "बाहेर जा गो जरा." मी कॉलेजात होते, तरी गेले. भिंतीआडून एवढंच ऐकू आलं, "सिस्टर, कुणाला सांगू नका. ते चिडले की त्यांना भान राहत नाही." तू महिनाभर कुणाला सांगितलं नाहीस. पण त्या दुसऱ्यांदा आल्या, तोंड सुजलेलं घेऊन, आणि मग वार्षिक सभेत तू उभी राहिलीस. तुझा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. "पाळकसाहेबांनी मंडळीला उत्तर द्यावं," एवढंच म्हणालीस. सगळ्यांनी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. त्या खाली बघून म्हणाल्या, "मी पडले होते."

मंडळीच्या पंचांनी तुझ्यावरच प्रभुभोजनाची बंदी घातली. पाळकाची बदनामी केली, मंडळीपुढे उभं राहून माफी मागेपर्यंत भाकरीला हात लावायचा नाही. पाळक पुढच्याच वर्षी शाल-श्रीफळ घेऊन बदलून गेले. तू माफी मागितली नाहीस आणि चर्चही सोडलं नाहीस. बंदी असलेल्याने प्रभुभोजनाआधीचं गायन सुरू झालं की उठून बाहेर जायचं, ही आपल्या मंडळीची रीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गायनाची पहिली ओळ आली की तू बायबल मिटायचीस, पदर सावरायचीस आणि मधल्या वाटेने बाहेर जायचीस. मी बाकावर बसून राहायचे. तूच मला बजावलं होतंस, "तू बसायचं. तुझ्यावर नाही बंदी."

आणि तू जायचीस कुठे, तर चर्चशेजारच्या भाभींकडे. त्यांच्या नवऱ्याने कुवेतहून रंगीत टीव्ही आणला होता आणि नेमकी त्याच वेळेला ती विनोदी मालिका लागायची. भाभी दारातूनच हाक मारायच्या, "या सिस्टर, आज लवकर सुटलात?" तू म्हणायचीस, "हुशार मुलांना लवकर सोडतात." त्या मालिकेत एका सोसायटीचा चेअरमन होता, सगळ्यांवर डाफरणारा. त्याची बायको प्रत्येक भागाच्या शेवटी त्याला एकच साधा प्रश्न विचारायची आणि तो गप्प व्हायचा. तिथे तू एवढी हसायचीस की पदराने डोळे पुसायचीस. घरी येताना मात्र बोलायची नाहीस.

त्या मालिकेवर आता सिनेमा काढला आहे. गेल्या महिन्यात पनवेलला भाच्याकडे गेले होते, तो घेऊन गेला. चेअरमन आता खोडकर, गोड आजोबा झाला आहे. बायको नाहीच. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो, आणि म्हातारा त्या फोटोशी बोलतो. लोक हसत होते, मग नाक ओढत होते. भाचा म्हणाला, "आत्या, तुमच्या वेळचं ना हे? आली का मजा?" आली म्हटलं. एसटीत महाडपर्यंत एकच गोष्ट डोक्यात राहिली, की आता त्याला विचारणारं कुणीच नाही.

आजच्या सभेला चर्चच्या वरच्या मंडळाचे साहेब आले होते. मंडळी का कमी झाली, असं त्यांनी विचारलं. कुणी मुंबई म्हणालं, कुणी मोबाईल. तेव्हाच्या पंचांपैकी एकच काका उरले आहेत, काठी टेकत येतात. ते म्हणाले, "टीव्हीनं खाल्लं साहेब. रविवारी मालिका लागली की माणसं उठायची." मग माझ्याकडे वळून हसले. "हिची आयच पहिली उठायची की."

बाकीचेही हसले. वाईट मनाने नाही, जुनी गंमत आठवावी तसे. मला उभं राहायची सवय नाही, तुला ठाऊक आहे. तरी उभी राहिले. म्हटलं, "काका, तिला तुम्ही उठवत होतात. तिला मानणारी पोलादपूरची कुटुंबं त्याच वर्षी यायची थांबली, ती काय टीव्हीमुळे?" मग मी म्हटलं, "तिच्यावरची बंदी अजून आहे. मंडळीने घातली, मंडळीच उठवू शकते. उद्या मंडळीच नसेल. तेवढं करा, मग कुलूप लावा."

साहेब समजुतीने म्हणाले, "बाई, गेलेल्या माणसावर कसली बंदी? आता आपण प्रार्थनेने समारोप करू." सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. समोर पाहिलं तर काकांचेही उघडे होते.

बाहेर चप्पल घालताना ते जवळ आले. "खरं बोलत होती गो ती. आमाला सगळ्यांना ठावं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"पाळकाला सगळ्यांपुढं उभा कोन करनार? आमची लग्नं त्यानं लावलेली, पोरांचे बाप्तिस्मे त्याच्या हातचे."

"आत्ता तरी बोलायचं होतं काका. आत, सगळ्यांसमोर."

"आता काय गो," ते म्हणाले आणि काठी शोधू लागले. तीन पायऱ्या आहेत, त्यांना जमत नव्हत्या. मी हात धरून उतरवलं.

तेव्हा बंदी आहे तशीच राहिली, आई. उठवणारं आता कुणी नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. आज गायन सुरू झालं की तुझ्यासारखं उठून जायचं, असं मी रात्रीच ठरवलं होतं. उठले नाही. ताट समोर आलं आणि मी भाकर घेतली. या चर्चमधली शेवटची होती.

उद्या ऑफिस आहे. वाल निवडून झाले, आता भिजत घालते.