दिवसा बंद असलेलं दार

मंगळवार, संध्याकाळ

ताप उतरलाय, पण डोकं अजून फिरलेलंच आहे. त्या दारावरून.

उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या आमच्या गल्लीत दिवसा दार बंद दिसलं की समजायचं, घरात काहीतरी झालंय. एकदा दुपारी मी कडी लावून नुसती झोपले होते, तर समोरच्या कमला आंटीने दार बडवून अख्खी गल्ली गोळा केली. "क्या हुआ? दरवाजा क्यों बंद है?" किती चिडले होते मी तेव्हा!

आता बदलापुरात, खरवईच्या नव्या रुंद रस्त्यावर, सातव्या मजल्यावर. मजल्यावर चार दारं, चारही बंद. राहायला आल्या आल्या मी खुळी समोरचं दार वाजवून विचारून आले, "सगळं ठीक आहे ना? दार बंद दिसलं म्हणून..." ती पोरगी साखळीआडून बघतच राहिली. "आंटी, काही काम होतं का?"

आज हे कामावर, मी एकटी तापात. दार बंद. लिफ्ट कितीदा तरी थांबली, पावलं दारावरून गेली. कुणी वाजवलं? छे.

शेवटी उठून मीच दार सताड उघडं टाकलं आणि आडवी झाले. निदान कुणी डोकावेल तरी.

थोड्याच वेळात वॉचमन वर आला. "सामनेवाली मॅडम का फोन आया, आपका दरवाजा खुला रह गया है," म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने ते बाहेरून ओढून घेतलं.