नकाशावरचा लाल ठिपका

मंगळवार, सायंकाळी सात. न्हावरे.

घडले ते क्रमाने लिहिते.

वडगाव रासाईच्या देवाचा पितळी मुखवटा दरवर्षी पाळीने एकेका घरी असतो. कोणाच्या घरी, हे गावाबाहेर सांगायचे नाही अशी रीत आहे. यंदा तो आबांकडे आहे आणि आबा एकटे राहतात. धातूच्या अभ्यासासाठी गेल्या आठवड्यात मी त्याची छायाचित्रे घेतली आणि संशोधकांच्या सामायिक संकेतस्थळावर ठेवली. आज आबांना किती उत्साहाने समजावत होते मी! आता कोणताही अभ्यासक घरबसल्या त्या पितळेवरचा हिरवा थर पाहू शकतो.

"आमचा देव जग फिराया निघाला म्हणा की, म्याडम! आन् त्यो कुणाच्या घरात हाय, ते बी दिसतंय का?"

"छे हो, आबा," मी हसून म्हणाले.

न तपासता म्हणाले. न्हावऱ्याला परतल्यावर पाहिले, तर प्रत्येक छायाचित्रासोबत फोनने जागा नोंदवली होती. लाल ठिपका थेट आबांच्या ओसरीवर. संकेतस्थळावरची ती नोंद तत्काळ झाकली. पण कोणीतरी तिची एक प्रत आधीच उतरवून घेतली होती. अभ्यासकच असेल. असेलच का? नाव दिसत नाही. एकच प्रत. पण चोराला एक पुरेशी असते.

आबांना फोनवर सारे सांगितले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

"मुखवटा आत्ताच दुसरीकडं हलवतो, म्याडम," ते शांतपणे म्हणाले. "पर त्यो ठिपका माझ्याच दारात ऱ्हाणार, न्हवं?"