बोर्डासाठी राखलेला हात

४ ऑगस्ट
उजव्या हाताचे टाके निघाले. प्रेसखाली चेंगरलेली तीन बोटं शाबूत आहेत, फक्त वळत नाहीत. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून थोडक्यात. डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी लिहून दिली. सरकारी विमा आहे, सगळं फुकट. खंडेनवमीला अंबडच्या कारखान्यात माझ्या प्रेसची पूजा मीच करणार. ठरलं!

६ ऑगस्ट, दुपार
शी! थेरपीला आधी मेडिकल बोर्डाची मंजुरी. तारीख २४ सप्टेंबर. थेरपीवाल्या अंजली मॅडमनी विचारलं, घरी काय काम चालतं? बायको हार गुंफते, बोलून गेलो. म्हणाल्या, मग रोज दोन हार तुम्ही गुंफा, नाहीतर तोवर बोटं आखडतील. अठरा वर्षं पत्रा दाबला, आता झेंडू ओवू? याची डिग्री असते?

७ ऑगस्ट
मालनने सुई ओवून पुढ्यात ठेवली. मी नजरेनेच उत्तर दिलं. तिने शेवंतीची पाटीही ठेवली.

१५ ऑगस्ट
शेजारचे सावळीराम विमा ऑफिसातून शिपाई म्हणून रिटायर. म्हणाले, बोर्डाला हात धड दिसला की फाइल बंद. म्हणजे हार गुंफणं म्हणजे पुरावा नष्ट करणं! थोडक्यात वाचलो. आजपासून हात गळ्यातल्या झोळीत.

२ सप्टेंबर
हात झकास आखडतोय. मालन म्हणाली, अहो, बोर्ड बघून जाईल, हात कुणाचा हाय? बायकांना सरकारी कामातलं कळत नाही.

२३ सप्टेंबर, संध्याकाळ
तालीम घेतली. मूठ अजिबात मिटत नाही. मंजुरी खिशात.

२४ सप्टेंबर
तीन तास बाकड्यावर. भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. किळस आली. बोर्डाने दोन मिनिटांत बोटं वाकवून पाहिली. कळवळलो, खराखुरा. शेरा: सुधारणेची शक्यता नाही, थेरपी नामंजूर. म्हणालो, साहेब, सुधारेल हो, मीच थांबवून ठेवला होता. त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
माझ्या प्रेसवर आता संतोष. त्याचाच फोन, पूजेला मोठा हार पाठवा. मालन झेंडूचा ढीग घेऊन बसली. झोळी काढून शेजारी बसलो. सुई उचलली, पडली. परत उचलली. मालन आपला हार ओवत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं. स्वतःचीच शिसारी आली.

हार न्यायला माणूस आला तोवर माझी दोन फुलं झाली होती. मॅडम दोन हार म्हणाल्या होत्या.