तापीमायच्या माथी मारलेलं

आबा,

'प्रिय' लिहिणार नाही. काल तुमचं दहावं झालं. पिंडाला कावळा शिवला, 'देवमाणूस होता' म्हणत सगळे डोळे पुसत घरी गेले. मी मात्र तेव्हापासून नुसती धुमसतेय. तुम्ही समोर नाही, म्हणून लिहितेय.

भिकामावशीनं काल दहाव्याची भांडी घासता घासता सांगितलं. आषाढात, तापीमायच्या जन्मदिवशी, मी बॅटरी आणायला शहाद्याला गेले होते. तेव्हा माशांची अंडी उबवायच्या माझ्या डब्याचं झाकण उघडून तुम्ही आत तांब्याभर दूध ओतलंत! वर कुंकू वाहिलंत! "तुन्हा आबा हात जोडी म्हने, मन्ही पोरनी मेहनत शे, माय, सांभाय."

अहो, दूध नदीला वाहायचं असतं! आत महाशीर माशाची अंडी होती. पंप तेच ते पाणी जाळीच्या ट्रेमधून फिरवत राहतो, हे किती वेळा समजावलं होतं तुम्हाला! मी परत येईपर्यंत दूध नासलं, पाण्याला वास सुटला, अंड्यांवर बुरशी चढली. पंपच बिघडला असं समजून मी वेड्यासारखी तो खोलून बसले. तुम्ही शेजारी बिडी ओढत होतात. एक शब्द बोलवला नाही तुमच्याच्यानं?

बोललात ते प्रकाशा गावच्या घाटावर, सगळ्या मच्छीमारांसमोर. "मायले हाई मान्य नही." झालं! तुमचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यानंतर जाळ्यात अंडी भरलेली मादी आली तरी अंडी काढून घ्यायला मला कुणी हात लावू देईना. सरळ बाजारात जायची.

"पोरी, असा मासा व्हता का नावमां मावे नही," महाशीर नावेत मावत नसे, हे लहानपणी मला तुम्हीच सांगायचात ना? आता तो चुकून दिसला तर पोरं फोटो काढतात. डबा एकट्या माणसाला खांद्यावर नेता यावा म्हणून मी किती खपले, तेही पाहिलंत. आणि तरी गप्प!

माझं भलं व्हावं म्हणूनच दूध ओतलंत, कळतंय मला. त्यानंच जास्त चीड येते. मुद्दाम केलं असतंत तर भांडून मोकळी झाले असते. कबूल केलं असतंत तर चिडले असते, जेवले नसते, पुन्हा अंडी ठेवली असती. पण लेकीसमोर मान खाली घालायची तुम्हाला लाज वाटली, आणि दोष टाकलात मायवर!

उद्या मच्छीमार सोसायटीची बैठक आहे. 'आबांची इच्छा' म्हणून डब्याला कायमची बंदी घालायचं घाटतंय. मी भिकामावशीला शेजारी उभं करणार आणि सांगणार, तापीमाय कधी नाही म्हणालीच नव्हती, माझ्या बापानं दूध ओतलं होतं. तुमच्या फोटोवरचा हार अजून सुकलेला नाही, तरी सांगणार. लोक तुम्हाला हसतील. मला तिथंच रडू फुटेल. पण शब्द मागे घेणार नाही, हे वचन.

तुमची लेक,
सुरेखा